पक्ष-मतदार संवाद: एक प्राथमिक परिचय

राजकीय पक्ष मतदाराशी बोलतो त्याला जनसंवाद म्हणतात. मतदार पक्षाशी बोलतो त्याला तक्रार म्हणतात. या विषयातल्या बहुतेक अडचणी या दोन व्याख्यांतूनच निघतात. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत. त्यांच्याखाली महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती. त्यामुळे राज्यात कुठे ना कुठे, कोणी ना कोणी जनतेशी संवाद साधतच असतो. तो साधला जात असताना जनता बहुधा खिडक्या लावून घरात बसलेली असते, कारण बाहेर फार आवाज असतो.

पक्षाची शरीररचना पाहिली तर त्याला तोंडे पुष्कळ. प्रवक्ते, मुख्य प्रवक्ते, सहप्रवक्ते आणि निवडणूक लागली की मान्यताप्राप्त पक्षाला मिळणारे ४० पर्यंत स्टार प्रचारक. कान मात्र पदाधिकाऱ्यांच्या कोणत्याच यादीत सापडत नाही. ‘प्रदेश सरचिटणीस (श्रवण)’ असे पद उद्या कोणी काढलेच, तर ते तिकीट कापलेल्या एखाद्या नाराज नेत्याच्या गळ्यात पडेल, आणि तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नसेल.

साधनांपैकी सर्वांत डोळ्यांत भरणारे म्हणजे फ्लेक्स. वरच्या ओळीत दिवंगत आणि दिल्लीचे नेते, मधोमध उत्सवमूर्ती, खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे शुभेच्छुक अशी त्याची मांडणी ठरलेली आहे. कोणाचा फोटो केवढा, यावर पक्षात जेवढी चर्चा होते तेवढी पाणीपट्टीवर होत नाही. मधला माणूस बऱ्याचदा कानाला मोबाइल लावून कोणाशी तरी बोलताना दाखवतात. तो कोणाशी बोलतो हे गूढच आहे, कारण प्रभागातल्या एकाचाही फोन त्याने उचललेला नसतो. मजकुरात वाढदिवस, निवड, फेरनिवड, निवडीबद्दल अभिनंदन आणि ‘भावी’ हे विशेषण. एवढ्या मोठ्या कापडावरून मतदाराच्या ज्ञानात पडणारी भर इतकीच, की अमुक गृहस्थ अमुक तारखेला जन्मले.

“काका, कोथरूडची बस कुठे थांबते?”

“तो वाढदिवस दिसतोय ना, त्याच्या मागे.”

मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा फटकारलेही आहे. फटकारले की फलक उतरतात. मग ते उतरवण्याची मागणी आपणच कशी लावून धरली होती, हे सांगणारे फलक लागतात. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापण्याची सक्ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमात आहे. पडताळून पाहता येईल असे विधान सबंध पत्रकात बहुधा तेवढेच असते आणि ते सर्वांत बारीक टाइपात असते.

सभा हे त्याहून जुने साधन आणि एके काळी ते खरोखर चालत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आचार्य अत्र्यांची सभा असली की लोक जेवणे लवकर उरकून मैदान गाठत. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी ऐकायला तर कोणाला ट्रकमधून आणावे लागत नसे. तेव्हा घरोघर टीव्ही नव्हता हे खरे, पण वक्त्यांपाशी विषय होता हेही खरे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली ती याच मैदानांवरून.

आजची सभा पाच वाजता असते, म्हणजे पाच वाजता खुर्च्या येतात. सहाला माईकवाला “हॅलो, चेक, मागं ऐकू येतंय का?” असे विचारतो. श्रोत्यांना खरा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारा सबंध सभेतला तो एकटा. साडेसहाला स्थानिक वक्ते सुरू होतात. साहेब येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे हे त्यांचे काम. साहेब दुसऱ्या तालुक्यात हेलिकॉप्टरची वाट पाहत असतात. ‘साहेब निघालेले आहेत’ ही घोषणा साडेसातपासून दर पंधरा मिनिटांनी होते, त्यामुळे साहेब निघतात आणि परत जातात, असा श्रोत्यांचा समज होतो.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. साहेब नऊ चाळीसला पोचतात. उरलेल्या वीस मिनिटांपैकी सात फेटा आणि हारांना जातात, अकरा ‘व्यासपीठावर उपस्थित’ या शीर्षकाखालच्या नावांना. एक नाव राहिले तर एक वाडी जाते, अशी पक्की समजूत असल्यामुळे मागून चिठ्ठी येते. मग दुसरी येते. तिसऱ्या चिठ्ठीत पहिल्याच चिठ्ठीतले नाव असते, फक्त पुढे ‘युवा नेते’ जोडलेले. शेवटच्या दोन मिनिटांत सिंचन, बेरोजगारी, कांद्याचा भाव आणि विरोधकांचा संपूर्ण इतिहास उरकायचा असतो. दहाला माईक बंद पडतो तेव्हा साहेब नुकतेच मुद्द्यावर आलेले असतात. पुढचे भाषण ते हात जोडून, मूठ आवळून आणि शेवटी दोन बोटे दाखवून पूर्ण करतात. परतीच्या वाटेवर चर्चा होते.

“काय म्हणाले?”

“दोन म्हणाले.”

“काय दोन?”

“ते नाही कळलं. पण ठामपणे म्हणाले.”

प्रचाराची रिक्षा ही सभेची फिरती आवृत्ती. तिची अडचण अशी की ती थांबत नाही आणि तिची वाक्ये लांब असतात. ‘आपल्या भागाचे लाडके, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी’ एवढे एका इमारतीला ऐकू येते, नाव पुढच्या इमारतीला आणि चिन्ह कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला. चौकात दोन पक्षांच्या रिक्षा समोरासमोर आल्या की एकाची विशेषणे दुसऱ्याच्या नावाला चिकटतात आणि उभ्याच नसलेल्या तिसऱ्या माणसाला प्रचंड बहुमताने विजयी करण्याचे आवाहन ऐकू येते. ताई, माई आणि अक्का यांना पक्का विचार करून शिक्का मारायला सांगणारी घोषणाही अजून फिरते आहे. २००४ मध्ये लोकसभेच्या सगळ्या मतदारसंघांत मतदान यंत्रे आली, त्याला दोन दशके उलटली. अक्का केव्हाच बटणावर गेल्या. रिक्षा शिक्क्यावरच आहे.

त्याच २००४ साली संवाद थेट घरात शिरला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या ध्वनिमुद्रित आवाजातले फोन लोकांना आले. जोडीला ‘इंडिया शायनिंग’ची जाहिरात होती. निकालात सत्ता गेली. फोनमुळे गेली असे म्हणता येत नाही. फोनमुळे राहिली असेही म्हणता येत नाही. पक्षांनी मात्र यातून एवढाच बोध घेतला की फोन कमी पडले. २०२४ पर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला नेत्याचा आवाज मतदाराला नावाने हाक मारू लागला. हे फोन दुपारी अडीचला येतात, घरात आजी एकट्या असताना.

“नमस्कार, मी आपला सेवक बोलतोय...”

“बोला हो. घसा बसलाय का तुमचा?”

“...गेल्या पाच वर्षांत आपण माझ्यावर जे प्रेम केलंत...”

“ते राहू दे. आमच्या जिन्यातला दिवा गेलाय, त्याचं काय करताय?”

“...ते असंच कायम ठेवा!”

यंत्राने आपले वाक्य पूर्ण केले, एवढेच. पण आजींनी ते दिव्याबद्दलचे अधिकृत धोरण समजून घेतले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळवले.

व्हॉट्सॲपचा ग्रुप हा या सगळ्या प्रगतीचा कळस. ‘आपला प्रभाग, आपला विकास’ अशा नावाचा ग्रुप निघतो आणि न विचारता सगळ्यांना त्यात घातले जाते. वर्णनात लिहिलेले असते, ‘नागरिकांच्या सूचना व समस्यांसाठी’. पहिल्या दिवशी सूचना येतात: कचरा, पाणी, कुत्री, शेजारच्या इमारतीतले भजन. दुसऱ्या दिवशी कोणी तरी खड्ड्याचा फोटो टाकतो. तिसऱ्या दिवशी त्याच खड्ड्याचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो येतो आणि दोन्हींत खड्डा सारखाच निघतो. खड्ड्याशेजारचे रोपटे मात्र झाड झालेले असते. चौथ्या दिवशी ग्रुपची रचना बदलते आणि फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील, असे पडद्यावर झळकते. तिथून पुढे सकाळी सुविचार, दुपारी उद्घाटन, रात्री दुसऱ्या उद्घाटनाचा व्हिडिओ. ज्यांना सूचना करायची आहे त्यांनी कार्यालयात भेटावे, कार्यालय शुक्रवारी उघडते, शुक्रवारी भाऊ मुंबईत असतात. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. तिला उत्तर म्हणून कार्यकर्त्यांची संख्या वाढवण्यात आली.

जाहीरनाम्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण फार कोणी तो वाचलेला नाही. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. भाजपचे संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा महाराष्ट्रनामा दोन्ही १० नोव्हेंबरला बाहेर आले. पाच वर्षांचा कारभार वाचायला दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत रोज चार रिक्षा. त्यांतले जे खरोखर घराघरांत पोचले ते आकडे होते. लाडक्या बहिणीला मिळणारे १,५०० रुपये एका बाजूने २,१०० करण्याचे, तर दुसऱ्या बाजूने ३,००० देण्याचे आश्वासन होते. पक्षांना इतके थोडक्यात आणि इतके स्पष्ट बोलता येते, हे त्यानिमित्ताने सिद्ध झाले.

चिन्हाचा प्रश्न अधिक नाजूक. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चित्र. काँग्रेसची बैलजोडी होती. ती लोकांच्या डोळ्यांत बसली तेवढ्यात पक्ष फुटला आणि गाय-वासरू आले. गोठा असा भरत असतानाच पुन्हा फूट पडली आणि पंजा आला. चिन्ह पाठ होईपर्यंत पक्ष एकत्र ठेवणे हा संवादाचा पहिला नियम असायला हवा होता, पण तो कोणत्याच पक्षाच्या घटनेत नाही. २०२२ नंतरच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या मतदाराची तर उजळणीच झाली. धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे, मशाल उद्धव ठाकरे यांच्याकडे, घड्याळ अजित पवारांकडे आणि तुतारी वाजवणारा माणूस शरद पवारांकडे.

शरद पवारांच्या पक्षाने २०२४ च्या लोकसभेत गावोगावी तुतारी इतकी फुंकली की लोकांनी ती लक्षात ठेवली. माणूस लक्षात ठेवायचा राहिला. यंत्रावर अपक्षांपुढे नुसतीच तुतारीही होती. दिंडोरीत अशा एका अपक्षाला लाखावर मते पडली. पवारांच्या उमेदवाराचे आणि त्याचे आडनावही एकच. पक्षाचा उमेदवार तिथे तरीही निवडून आला. साताऱ्यात मात्र जिंकणारा आणि हरणारा यांच्यात जेवढे अंतर होते, त्याहून जास्त मते नुसती तुतारी घेऊन गेली. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. एवढ्या वेळात माणूस हरवल्याचे लक्षात आले तरी तक्रार कोणाकडे करणार?

घरोघर जाण्याला पर्याय नाही, असे प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक शिबिरात सांगितले जाते. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग करून हेच दाखवले: प्रत्यक्ष भेटीने मतदान चांगले वाढते, पत्रांनी थोडेसे, फोनने जवळजवळ नाहीच. साखर कारखान्याच्या निवडणुकीत सभासदाच्या ओट्यावर बसून तीन कप चहा पिणाऱ्या पॅनलप्रमुखाला यात नवे काही वाटणार नाही. शहरातली घरोघर भेट निराळी. तिच्यात उमेदवार घराशी थांबत नाही, घरावरून जातो. पुढे ताशा, मागे घोषणा, मध्ये जोडलेले हात. पंचारती घेऊन उभ्या असलेल्या बाई ‘पाणी’ एवढाच शब्द उच्चारतात आणि उमेदवाराला वाटते, आपल्याला पाणी विचारताहेत. तो “नको, आत्ताच घेतलं” म्हणतो आणि पुढे जातो.

उमेदवाराच्या मागून यादी घेऊन कार्यकर्ता येतो. यादी जुनी असते.

“गोविंदराव आहेत?”

“ते गेले हो.”

“किती वाजेपर्यंत येतील?”

“तसे नाही. मागच्या वर्षी गेले.”

“बरं बरं. मग चिठ्ठी ठेवून जातो, आले की द्या.”

इथे मतदाराच्या बाजूनेही थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण संवादकलेत तो पक्षापेक्षा पुढे गेलेला आहे. दारात आलेल्या प्रत्येकाला तो सारख्याच मायेने “यंदा तुम्हीच” म्हणतो. चार पक्षांचे चार बूथप्रमुख संध्याकाळी आपापल्या कार्यालयात ‘आपला बूथ शंभर टक्के’ असा अहवाल देतात. एका मतदान केंद्रावरची मतदारांची कमाल मर्यादा १,५०० होती, २०२५ मध्ये आयोगाने ती १,२०० वर आणली. चार अहवालांची बेरीज मात्र चार हजारांच्या खाली येत नाही. सोसायटीच्या गेटवर एकाच दिवशी चार पक्षांनी बसवून दिलेले बाक असतात आणि त्या चारही बाकांवर बसून ‘सगळे सारखेच’ हा निष्कर्ष काढला जातो. मतदानाच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून आला की लोणावळ्याचा रस्ता भरतो. त्या गर्दीत लोकशाहीवर विनोदी लेख लिहिणारेही असतात, आणि वाहतूक कोंडीबद्दल सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो.

ऐकण्याची उदाहरणे या राज्यात अगदीच नाहीत असे नाही. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत तिची शाखा ही नळ, शाळाप्रवेश, रुग्णवाहिका आणि भाऊबंदकी अशा सगळ्या तक्रारी घेऊन जाण्याची जागा बनली. शाखेत भाषण क्वचित होई, बाकडे मात्र नेहमी असे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे आणखी पक्के उदाहरण. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर १९६२ पासून २०१४ पर्यंत ते विधानसभेवर अकरा वेळा निवडून गेले आणि आमदार असताना एसटीने फिरत. संवादतज्ज्ञांनी या साधनाचा पुरेसा अभ्यास केलेला नाही. सांगोल्याहून मुंबईला निघालेल्या एसटीत शेजारच्या सीटवर शेतकरी बसला, तर त्याचे म्हणणे पुरते ऐकण्यावाचून आमदाराला गत्यंतर नसते. उतरून जायचे म्हटले तरी पुढचा थांबा लांब असतो. काळ्या काचांच्या गाडीत ही सोय नाही. तिच्यातून आमदार जनतेला पाहू शकतो, जनता फक्त काच पाहते. पक्षांनी आपल्या पदाधिकाऱ्यांना महिन्यातून एकदा लाल डब्याने प्रवास सक्तीचा करावा, ही सूचना त्यामुळे विचारात घेण्याजोगी आहे. तिला विरोध झाला तर तो बहुधा सहप्रवाशांकडून होईल.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद ठेवावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमाची ही तरतूद. रिक्षा थांबतात, आजींचा फोन गप्प होतो. गल्लीतून फक्त पावलांचे आवाज येतात, आणि त्या काळात काय वाटले गेले याची चर्चा मतदानानंतर जाहीर प्रचारापेक्षा जास्त होते. या दोन दिवसांत माणसे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलतात. कोणाला द्यायचे ते बहुधा तेव्हाच ठरते, आणि पक्षाचा एकही प्रवक्ता तिथे नसतो.

मग मतदार उत्तर देतो. त्याला एकच बटण दाबता येते, खाली शेरा लिहिण्याची सोय नाही. त्यामुळे निकालाचा अर्थ लावणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. जिंकलेला म्हणतो, हा विकासाला कौल. हरलेला म्हणतो, आमची कामे लोकांपर्यंत पोचली नाहीत, म्हणजे बोलणे कमी पडले. आणि पुढच्या वेळी भोंगे दुप्पट करतो. चिंतन बैठक रिसॉर्टवर होते. तिथे मतदार का रुसला यावर दोन दिवस चिंतन होते, मतदार सोडून सगळे हजर असतात.

२०१३ पासून यंत्रावर ‘नोटा’चे बटण आहे, बोलायचे आहे पण यांच्यापैकी कोणाशीच नाही, अशा लोकांसाठी. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये २७,५०० मते घेऊन ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिली. पलूस-कडेगावमध्येही ती दुसरीच होती. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत १२,८०६ मतांसह पुन्हा दुसरी. सभा नाही, रिक्षा नाही, चिन्हाचा गोंधळ नाही, एकही स्टार प्रचारक नाही. स्थानिक निवडणुकांत ‘नोटा’ पहिली आली तर फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच काढला आहे. निकालानंतर चौकाचौकांत मतदारांचे जाहीर आभार मानणारे फ्लेक्स लागतात, जिंकलेल्याचे आणि हरलेल्याचेही. ‘नोटा’च्या मतदारांचे आभार मानायचे मात्र तसेच राहते, कारण त्या फ्लेक्सवर मधोमध फोटो कोणाचा लावायचा, यावर एकमत होत नाही.